बोटीला ब्रेक नसतो

मास्तरांनी एकतीस वर्षं गावाला गाडी शिकवली. गावातला दातांचा डॉक्टर, पाववाला, शाळेची मुख्याध्यापिका, फार काय, चौकातला वाहतूक हवालदारसुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेला. रस्त्यात कुणी खडखडाट करत गिअर टाकला की मास्तर फुटपाथवर उभे राहून नुसतं "हूं" करायचे, आणि गाडीतला माणूस, मग तो पन्नाशीचा का असेना, कान धरायचाच काय तो बाकी राहायचा. त्यांच्या शाळेच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'निकाल अठ्ठ्याण्णव टक्के'. उरलेल्या दोन टक्क्यांचं काय, असं कुणी विचारलं तर मास्तर गंभीरपणे सांगायचे, "ते आमचे जावई."

यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. जावई परीक्षेला चारदा बसला आणि चारही वेळा आपटला. पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली. दुसऱ्यांदा ती पुढेच जाईना. तिसऱ्यांदा त्याने वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावले. चौथ्यांदा सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध एक कबूतर येऊन बसलं. जावयाने गाडी थांबवली आणि ते उठायची वाट बघत बसला. कबुतराला घाई नव्हती, परीक्षकाला होती. पण दर खेपेला नवा फॉर्म भरायला तो शाळेच्या कचेरीत जायचा, तिथे मास्तरांची मुलगी बसायची, आणि चौथ्या फॉर्मपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं होतं. मास्तरांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, पडदे शिवायचं स्वतःचं दुकान. तरीपण ज्याला आपण पास करू शकलो नाही त्याच्याच हाती पोरगी दिली, हे त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी बोट घ्यायचं मनात घेतलं. बोट चालवायचा कोर्स केला, लेखी परीक्षेत पहिले आले, आणि समुद्रापलीकडच्या बंदरात एक जुनी मोटरबोट हेरली. नऊ मीटर लांब, वर काचेच्या आडोशाला स्टिअरिंग आणि शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, खाली दोन बाक, एक शेगडी आणि कपाटाएवढा संडास. संडासात बसायचं तर आधी बाहेर उभं राहून कसं बसायचं ते ठरवावं लागे.

जावई तिथे गेला तो फक्त पडद्यांची मापं घ्यायला. सासूबाईंना बोटीच्या सहा खिडक्यांना पडदे हवे होते. सकाळच्या फेरीबोटीने तो सासू-सासऱ्यांबरोबर पलीकडे गेला, संध्याकाळच्या फेरीबोटीने परत यायचं होतं. मास्तर आणि त्यांचे पोस्टातले एक जुने दोस्त रात्रभर बोट चालवून ती घरी आणणार होते. बोट जुनी, सावकाश जाणारी, म्हणजे बारा-तेरा तास लागणार. आपल्या बंदराच्या तोंडाशी खडक, तिथे शिरायचं ते सकाळच्या भरतीला, उजेडात. म्हणून संध्याकाळी सहाला निघायचं. हवामानखात्याने समुद्र शांत राहील असं सांगितलं होतं, फक्त त्या एका रात्रीपुरतं.

सगळं ठरल्याबरहुकूम चाललं होतं. साडेपाचला पोस्टातले दोस्त धक्क्यावरून डिझेलचा डबा उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण भरली होती. दोघांनी धरून त्यांना टॅक्सीत घातलं, तेही वाकलेलेच. टॅक्सी गेली तशी मास्तर वळले आणि त्यांची नजर जावयावर पडली. तो शेवटच्या खिडकीची उंची टेपने मोजत होता.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "टेप गुंडाळा."

जावयाने टेप तसाच धरून ठेवला. "बाबा, मला पोहता येत नाही."

"पोहायचंय कुणाला? आपण बोटीने जातोय."

"मला गाडीसुद्धा चालवता येत नाही."

"ते मला सांगताय?" मास्तर म्हणाले. "दोन माणसं लागतात. मी एक, तुम्ही... तुम्हाला धरून दोन होतात."

"अहो, मग मी कोण?" खालून सासूबाईंनी विचारलं. त्या शेगडीवर अंडी उकडत होत्या. मुळात त्या येणार नव्हत्या, पण नवरा आणि जावई एका बोटीत रात्रभर राहणार म्हटल्यावर त्यांनी फेरीबोटीचं तिकीट पर्समध्ये ठेवून दिलं आणि आणखी चार अंडी पातेल्यात सोडली.

बोट विकणाऱ्याचा म्हातारा बोटवाला किल्ल्या द्यायला आला होता. त्याने फिरून सगळं दाखवलं. हा होकायंत्राचा दिवा, हा पाणी उपसायचा पंप. मग डाव्या खुर्चीच्या पायापाशी बोट दाखवून म्हणाला, "ही लाल दांडी लक्षात ठेवा. आग लागली तर खाली दाबायची. डिझेल बंद." मास्तर तेव्हा जावयाला पाठ सरळ ठेवून कसं बसायचं ते दाखवत होते. "हो हो," ते म्हणाले, "आग. दाबायची."

सहा वाजता मास्तर डाव्या खुर्चीत जाऊन बसले. जावई उभाच राहिला.

"बसा की," मास्तर उजव्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले. "स्टिअरिंग धरा. हात घड्याळातल्या दहा-दहावर."

"सुरुवातीला तुम्ही घ्याल असं वाटलं मला."

"सुरुवात शिकाऊ माणसाने करायची असते. आरसा बघा."

"बाबा, आरसा नाहीये."

"मग मान वळवून बघा. मागे कोण आहे?"

जावयाने मान वळवली. "आई आहेत."

"मी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "जाऊ द्या पुढे."

अशी ती बोट निघाली. निघताना तिने धक्क्याला एकदा आणि शेजारच्या होडीला एकदा शिवून घेतलं, पण बंदराबाहेर पडल्यावर जावयाच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. समुद्रावर रस्ता नव्हता. वळण नव्हतं, चढ नव्हता, मागून हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. कबूतर तर औषधालाही नव्हतं. होकायंत्रावर दोनशे चाळीसचा आकडा धरून जायचं, बस्स. आणि सरळ जाणं हा तर त्याचा धंदाच होता. सहा-सहा मीटर लांबीचा पडदा मशिनीखालून काढायचा, तर सुईकडे बघून चालत नाही. कापड कुठे निघालंय तिकडे बघायचं, शिलाई आपोआप सरळ येते. त्याने समोरचा एक ढग धरला आणि बोट ढगाच्या दिशेने शिवत नेली.

"डावीकडे जाताय," मास्तर म्हणाले.

त्यांनी होकायंत्र बघितलं. दोनशे चाळीस.

"जाल, असं म्हणतोय मी," मास्तर म्हणाले.

लाट आली की मास्तरांचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला जाई. एकतीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांच्या पायाखाली कायम एक जादा ब्रेक असायचा. गाडी गेली, शाळा गेली, पण पायाची खोड गेली नव्हती. लाट यायची, मास्तर "हळू, हळू" म्हणायचे आणि पाय दाबायचे. लाट निघून जायची. मास्तरांना बहुतेक वाटत असावं की आपण दाबला म्हणूनच ती गेली.

खाली भिंतीवर मास्तरांनी पाळ्यांचा तक्ता लावला होता. सहा ते नऊ जावई, नऊ ते बारा मास्तर, पुन्हा जावई, पुन्हा मास्तर. नऊ वाजले तसा जावई उठायला लागला.

"बसा," मास्तर म्हणाले. "अंधार आता दाट झालाय. अशा वेळी हात बदलणं बरं नव्हे."

दहाला जावयाने पुन्हा विचारलं. मास्तर म्हणाले, लाट जरा बसू दे. अकराला म्हणाले, "तुमचा हात बसलाय आता. उगाच मोडू नका." हे ऐकून जावयाला गहिवरून आलं. लग्नाला सात वर्षं झाली, एवढ्या काळात सासऱ्यांच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द. त्या आनंदात त्याने आणखी एक तास काढला. बाराला मात्र त्याचे खांदे भरून आले, डोळे चुरचुरायला लागले, आणि मनात पाल चुकचुकली. हा माणूस तर आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं स्टिअरिंग ओढून घेत आला. तोच आज हात लावायला तयार नाही, हे काय गौडबंगाल?

पण विचारायची हिंमत झाली नाही. सासूबाई थर्मासमधला चहा आणि अंडं-पाव घेऊन वर आल्या, दोघांच्या हातात देऊन पुन्हा खाली जाऊन आडव्या झाल्या आणि झोपल्याही. त्यांच्या घोरण्याचा ताल इंजिनाशी इतका जुळला होता की थोड्या वेळाने कुठला आवाज कुणाचा हे सांगता येईना.

दीडच्या सुमारास मास्तर ताठ झाले.

"समोर बघा."

समोर दोन दिवे दिसत होते, एक लाल, एक हिरवा, आणि त्यांच्या वर पांढरे दोन, एकाखाली एक.

"काय आहे ते?" जावयाने विचारलं.

लेखी परीक्षेत पहिल्या आलेल्या माणसाने डोळे मिटून पान आठवलं. "नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू. नुसता हिरवा दिसला तर उजवी. आणि दोन्ही दिसले तर..." ते थांबले.

"दोन्ही दिसले तर काय?"

"तर ते सरळ आपल्यावरच येतंय."

दिवे भराभर मोठे होत होते. त्यांच्या मागे एक काळी भिंत होती आणि ती चांदण्या पुसत पुढे सरकत होती.

"उजवीकडे घ्या!" मास्तर ओरडले. "नियमच आहे! उजवीकडे! नाही, थांबा! आधी वेग कमी! क्लच! ब्रेक! अहो ब्रेक दाबा!"

"बोटीला ब्रेक नसतो, बाबा!"

"असं कसं नसतो!" म्हणत मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि उजवा पाय असा काही दाबला की एकतीस वर्षांतल्या सगळ्या शिकाऊ माणसांसाठी राखून ठेवलेला जोर त्यात उतरला. खाली काहीतरी कट्कन वाजलं. जावयाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. बोट कलली, खाली पातेलं पडलं, सासूबाईंचं घोरणं थांबलं. लाल दिवा राहिला, हिरवा दिसेनासा झाला, आणि चार मजली इमारतीएवढं जहाज त्यांच्या डाव्या अंगाने धडधडत निघून गेलं. इतक्या जवळून की एका उजेडाच्या खिडकीत कुणीतरी बनियन वाळत घालताना जावयाला स्पष्ट दिसलं. त्या माणसाने खाली पाहिलंही नाही.

मग जहाजाच्या लाटा आल्या. त्यांनी बोटीला हातात घेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं आणि सोडून दिलं. ती स्थिर होतेय न होतेय तोच इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि बंद पडलं.

एवढी शांतता जावयाने कधी ऐकली नव्हती.

सासूबाई केसांत अंड्याचं टरफल घेऊन वर आल्या. "काय झालं? पोचलो का?"

"इंजिन बंद पडलंय," जावई म्हणाला.

"याने हिसका देऊन वळवली म्हणून," मास्तर म्हणाले. ते घाबरले की जावयाला अरे-तुरे करायचे. "मी रेडिओवर मदत मागतो."

"काय सांगणार? जावयाने बोट वळवली?" सासूबाईंनी विचारलं. "आधी बघू तर द्या त्यांना."

जावयाने किल्ली फिरवली. इंजिन फिरे, पण पेट घेईना. इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण दुकानातलं मशिन बंद पडलं की तो काय करतो ते त्याला आठवलं. मशिनीला शिव्या द्यायच्या नाहीत. रिळापासून सुईपर्यंत दोऱ्यावर बोट ठेवून जायचं, कुठेतरी तो अडकलेला असतोच. इथे दोरा म्हणजे डिझेल. त्याने टॉर्च घेतला, मागच्या टाकीपासून नळी धरली आणि गुडघ्यांवर रांगत निघाला. बाकाखालून, पायऱ्यांमागून, वर, आणि मास्तरांच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. लाल दांडी पार खाली दाबलेली होती. तिच्यावर मास्तरांच्या बुटाचा ठसा इतका स्पष्ट होता की कंपनीचं नावही वाचता आलं असतं.

तिघांनी ती दांडी बघितली. 

"म्हणजे ब्रेक होता तर," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी खाली मान घातली. जावयाने दांडी वर केली, पण तेवढ्याने काम होईना. डिझेल तुटल्यामुळे नळीत हवा शिरली होती. हे त्यांना सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी खणातून इंजिनाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचावी तशा सुरात वाचायला लागल्या.

"पान चौसष्ट. 'इंधनात हवा शिरल्यास सदर स्क्रू अर्धा फेरा सैल करावा. नंतर हातपंप मारावा. बुडबुडे निघतील. बुडबुड्यांनी विचलित होऊ नये.'"

"नाही होत," जावई म्हणाला. तो पोटावर पालथा पडून डाव्या खुर्चीमागच्या, फळीखालच्या इंजिनाच्या खोक्यात कमरेपर्यंत शिरला होता.

"'स्क्रूखालील तांब्याचा वॉशर हरवू नये, याची विशेष दक्षता घ्यावी.'"

टुण् असा आवाज झाला आणि वॉशर बोटीच्या तळातल्या काळ्या पाण्यात गेला.

"हे वाक्य आधी वाचायला हवं होतं, आई."

"पुस्तकात नंतर आहे," सासूबाई म्हणाल्या.

वॉशर शोधायला पंधरा मिनिटं गेली आणि हाती लागलं बाटलीचं एक बूच आणि एक गंजलेला चमचा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "चामड्याचा चालेल का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मास्तरांच्या कमरेचा पट्टा ओढून काढला. जावयाच्या खिशात त्याची कात्री होती, ती त्याच्या खिशात नेहमीच असते. पट्ट्याच्या टोकाची एक गोल चकती कापून मधे भोक पाडलं आणि स्क्रूखाली बसवली. बसली, पण कडेने डिझेल झिरपत होतं. अंगठा दाबून धरला की थांबे.

"आता असं आहे," जावई खोक्यातून म्हणाला. "हे चामडं फुगून बसेपर्यंत मला इथून हात काढता येणार नाही. अर्धा-पाऊण तास तरी. आई टॉर्च धरतील. बाबा, तुम्ही किल्ली फिरवा आणि स्टिअरिंग घ्या."

किल्ली फिरली नाही.

"बाबा?"

"तिला घेऊ दे," मास्तर म्हणाले.

"मी टॉर्च धरलाय," सासूबाई म्हणाल्या.

"टॉर्च मी धरतो."

"एकतीस वर्षं घरची गाडी मीच चालवतेय. बाजारात मी, दवाखान्यात मी, लग्नकार्यात मी. लोकांना वाटतं काय थाट आहे मास्तरांचा. आज नाही चालवणार."

जावई खोक्यात पालथा पडल्या पडल्या ऐकत होता. खरंच की. सात वर्षांत त्याने सासूबाईंनाच गाडी चालवताना बघितलं होतं, आणि त्यालाही तो थाटच वाटला होता.

"मला येत नाही," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की इंजिन चालू असतं तर ऐकूच आला नसता. "म्हणजे यायचं. शाळा काढली तेव्हा चांगलं यायचं. मग रोज शेजारच्या सीटवर. दोनेक महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी एकटाच गाडी घेऊन निघालो. चौकापर्यंत गेलो आणि बघतो तर शेजारी कोणी नाही. मी चुकलो तर ब्रेक दाबायला कोणीच नाही. हातापायाला कापरं भरलं. गाडी ढकलत घरी आणली. हिला सांगितलं, पेट्रोल संपलं."

"टाकी भरलेली होती," सासूबाई म्हणाल्या. "मी काही बोलले नाही."

जावयाचा अंगठा बधिर झाला होता, नाकात डिझेलचा वास गेला होता, आणि तरी त्याला एकदम हलकं वाटलं. चार परीक्षांत त्याच्याही हातापायाला हेच कापरं भरलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "शेजारच्या सीटवर कोणी नसलं तरी खाली मी आहे. लाल दांडी माझ्या हाताच्या अंतरावर आहे. चुकलात तर मी दाबेन. उजव्या खुर्चीत बसा."

 मग खुर्ची करकरली.

"पाठ सरळ," जावई म्हणाला.

"सरळ आहे."

"किल्ली."

मास्तरांनी किल्ली फिरवली. जावयाने पंप मारला. बुडबुडे आले, कुणी विचलित झालं नाही. चौथ्या खेपेला इंजिन शिंकलं, थरथरलं, आणि धडधडायला लागलं. सासूबाईंनी टॉर्चसकट टाळ्या वाजवल्या, त्यामुळे क्षणभर खोक्यात अंधार झाला.

"आता वेगाचा दांडा हळूहळू पुढे. घाई नाही. स्टिअरिंग धरा."

"धरलंय."

"दोन्ही हातांनी धरलंय?"

"एका."

"दुसरा कुठाय?"

"विजार धरलीय," मास्तर म्हणाले. "पट्टा तुमच्याकडे आहे."

"दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाबा. दहा-दहा."

"विजार जाईल!"

"जाऊ दे जायची तर," सासूबाई म्हणाल्या. "समुद्रात कोण बसलंय बघायला?"

विजार गेली. बोट चालू लागली. पाच मिनिटांनी सासूबाईंनी मान वर करून आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चंद्र तिसऱ्यांदा भेटतोय आपल्याला."

"दोनशे चाळीस धरायला बघतो तर दोनशे ऐंशी होतं," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले. "परत आणायला जातो तर दोनशे."

"आकड्याकडे बघूच नका," जावई खालून म्हणाला. "दोनशे चाळीस आले की समोर एखादी चांदणी धरा. मग तिच्याकडे बघत राहा. ती सरकली तर थोडंसं, एका बोटाने, आणि लगेच सोडून द्या. कापड ओढायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं."

"कापड?"

"बोट."

मास्तरांनी चांदणी धरली. चंद्र एकदाचा एका जागी थांबला, आणि बोट सरळ निघाली. जावयाला ते इंजिनावर ठेवलेल्या हातालाच कळलं, जशी नीट चाललेली शिलाई बोटांना कळते. वरून आवाज आला, "जमतंय का हो?" ज्या माणसाने हजारो जणांना पास केलं तोच विचारत होता.

"छान जमतंय, बाबा."

चामडं बसलं, स्क्रू आवळला गेला, तेव्हा साडेचार वाजले होते. जावई काळ्या कोपरांनी बाहेर निघाला, हात पुसले आणि वर आला. मास्तर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, ताठ बसून, हात दहा-दहावर ठेवून, फिकट होत चाललेल्या चांदणीकडे डोळे लावून बसले होते.

"द्या, आता मी घेतो," जावई म्हणाला. "तुम्ही पडा जरा."

"उजाडतंय," मास्तर म्हणाले. "अशा वेळी हात बदलणं बरं नव्हे."

जावयाने वाद घातला नाही. डाव्या खुर्चीत बसून त्याने आपल्या मापाच्या टेपचे दोन वेढे लाल दांडीला घालून ती वरच्या वर बांधली. कापून उरलेल्या टेपने सासूबाईंनी नवऱ्याची विजार चढवून बांधून दिली, मास्तरांनी एक-एक पाय उचलून दिला, पण हात सोडला नाही. मग जावई झोपला. मधेच जागा झाला तेव्हा समोर जमिनीची निळसर रेघ होती, बोट एका मासेमारी होडीच्या बाजूने जात होती, आणि त्याचा स्वतःचा पाय फळीवर घट्ट दाबलेला होता. त्याने तो हळूच मागे घेतला.

नऊच्या भरतीला ते बंदरात शिरले. खडकांमधून जाताना मास्तरांचे फक्त ओठ हलत होते. धक्क्याच्या टोकाशी मोकळी लांबलचक जागा होती. तिथे त्यांनी बोट लावली, किंवा असं म्हणू या की बोट आणि धक्का यांची गाठ पडली. जावयाने दोर टाकला. त्याची बायको पलीकडून धावत आली. रात्रभर फोन लागला नव्हता, तिचे डोळे लाल झाले होते. तिच्यामागून आणखी वीस-पंचवीस माणसं आली. मास्तर बोट आणणार म्हणून पाववाला आला होता, दातांचे डॉक्टर आले होते, हवालदार तर ड्यूटी सोडून आला होता. सगळे मास्तरांचे विद्यार्थी.

तेवढ्यात बंदराचा कारकून वही घेऊन आला. "ही जागा पाणी वाहणाऱ्या बोटीची आहे, मास्तर. तुमची चौदा नंबर." त्याने बोटाने दाखवलं. चौदा नंबर म्हणजे दोन चकचकीत पांढऱ्या बोटींच्या मधली एक फट होती.

जावई उठला. मास्तरांनी मान हलवली. जावई बसला.

मग सगळ्या गावादेखत मास्तरांनी बोट चौदा नंबरात घालायला घेतली. पहिल्यांदा ती फटीच्या पुढे गेली. दुसऱ्यांदा आडवी झाली. तिसऱ्यांदा मास्तर मागे येताना मान वळवून बघायला विसरले आणि तोवर येऊन ठेपलेल्या पाणी वाहणाऱ्या बोटीवरचा माणूस जीव मुठीत धरून उडी मारून बाजूला झाला. धक्क्यावर कुणी हसलं नाही. हवालदाराचा हात नकळत वर जायचा आणि पुन्हा खिशात जायचा. पाववाल्याने डोळे झाकून घेतले. जावई शेजारी बसून हळू आवाजात बोलत होता, "घाई नाही. वाट बघू दे त्यांना. पुन्हा बाहेर काढा. आता थोडंसं. सोडा. जाऊ द्या तिला." अकराव्या खेपेला बोट दोन्ही बाजूंना एक-एक वीत ठेवून फटीत जाऊन बसली. मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच बसून राहिले. 

मग टाळ्या झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. "मास्तर, रात्रभर तुम्हीच चालवली?" त्यांनी विचारलं. "काय हिंमत म्हणायची या वयात!"

मास्तरांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं. जावई दोर बांधत होता, त्याने मुद्दाम मान वर केली नाही. सासरे काय सांगणार ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याची त्यावर काही तक्रारही नव्हती.

"अर्धी रात्र यांनी चालवली," मास्तर म्हणाले. "जहाज अंगावर आलं तेव्हा वाचवलं यांनी. इंजिन मी बंद पाडलं, चालू यांनी केलं. आणि एकतीस वर्षं मी काही चालवलेलं नव्हतं, तेही यांनी शिकवलं मला. अंधारात. इंजिनात डोकं घालून."

 शेवटच्या वाक्याचं नेमकं काय करायचं ते कुणालाच कळेना. हवालदार पाववाल्याकडे बघायला लागला. जावयाचे कान लाल झाले, त्याने दोराला एक गाठ पुरेशी असताना चार गाठी मारल्या.

त्याची बायको त्याच्याजवळ येऊन खाली बसली. वडिलांच्या कमरेकडे बघत तिने हळूच विचारलं, "बाबांनी विजारीला तुझा टेप का बांधलाय?"

"घरी सांगतो," तो म्हणाला. "बसून सांगायची गोष्ट आहे."

"आधी झोपा," सासूबाई म्हणाल्या. त्या हातात पातेलं आणि राहिलेली दोन अंडी घेऊन धक्क्यावर चढत होत्या. "आणि कुणीतरी मला हात द्या, जमीन हलतेय."